रेडिएटरची वाफ अडवू नका, हवा अडवा

प्रश्न थोडक्यात असा : न्यूयॉर्कमध्ये क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला १९२०च्या दशकात बांधलेली सहा मजली इमारत, चौथ्या मजल्यावर भाड्याचं दोन बेडरूमचं घर. जानेवारीत बाहेर बर्फ आणि आत ८४ अंश फॅरनहाइट. रात्री खिडकी उघडी टाकून झोपावं लागतं, वर मुलीचा घोळणा फुटतो. रेडिएटरचा, म्हणजे वाफेवर खोली तापवणाऱ्या लोखंडी सांगाड्याचा, नॉब अर्धा बंद करून पाहिला, तर रात्रभर हातोडीने ठोकल्यासारखे आवाज आणि सकाळी लाकडी जमिनीवर पाणी. सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, म्हणतो, जुनी बिल्डिंग आहे, असंच असतं. काय करावं?

पहिलं काम, तो नॉब पुन्हा पूर्ण उघडा. रेडिएटर गार असताना, डावीकडे फिरवत अगदी शेवटपर्यंत. बाकीचं त्यानंतर.

मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमधून या धंद्यात आलो आणि गेली चोवीस वर्षं न्यूयॉर्कच्या तळघरांत वाफेच्या मागे फिरतोय. आपल्याकडून आलेलं जवळजवळ प्रत्येक घर पहिल्या हिवाळ्यात हीच चूक करतं. मीही केली होती. गॅसची शेगडी मंद करावी तसा आपण तो नॉब मंद करायला जातो.

तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून तुमची सिस्टिम 'वन-पाइप' दिसते. खात्री करून घ्या. रेडिएटरला एकाच टोकाला, जमिनीतून वर आलेला एकच पाइप असेल आणि दुसऱ्या टोकाला मध्यापाशी काडतुसासारखी छोटी चकचकीत नळकांडी असेल, तर वन-पाइप. ती नळकांडी म्हणजे एअर व्हेंट. सकाळी हीट आली की 'स्स्स' करते ती हीच. दोन्ही टोकांना पाइप असतील तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहितो.

वन-पाइपमध्ये त्या एकाच पाइपातून वाफ वर येते आणि तिचं पाणी झालं की त्याच पाइपातून खाली बॉयलरकडे परत जातं. पाणी किती, ते हिशोबाने पाहू. जुना तीन कॉलमचा, ३८ इंच उंच रेडिएटर घ्या. त्याच्या एका सेक्शनचं, म्हणजे एका उभ्या खणाचं, तापणारं क्षेत्रफळ पाच चौरस फूट धरतात. दहा सेक्शन म्हणजे पन्नास. वाफेवर दर चौरस फुटाला तासाला २४० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), म्हणजे एकूण १२,००० बीटीयू. एसीच्या भाषेत बरोब्बर एक टन. तुमच्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये एक टनाचा एसी उलटा लावलेला आहे आणि त्याला रिमोट नाही. एक पौंड वाफेचं पाणी होताना साधारण ९७० बीटीयू बाहेर पडतात. म्हणजे एवढी उष्णता द्यायला तासाला साडेपाच लिटर पाणी त्या रेडिएटरमध्ये तयार होतं, आणि ते सगळं त्या नॉबच्या व्हॉल्व्हमधून, वर येणाऱ्या वाफेच्या उलट दिशेने, खाली उतरायला हवं. तुम्ही व्हॉल्व्ह अर्धा केलात की वाफ बारीक फटीतूनही जोरात शिरते, पाणी मात्र उतरू शकत नाही. ते आत साचतं, वाफ त्याचे गोळे उचलून लोखंडावर आपटते. तुम्ही रात्रभर ऐकली ती हातोडी हीच. पाणी व्हेंटच्या उंचीपर्यंत चढलं की तिथून गळतं. वन-पाइपचा व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. मधली जागा नाही.

मग उष्णता कमी करायची कशी?

बादलीत तांब्या उपडा दाबून पाहा. पाणी आत शिरत नाही, कारण आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. तांब्या थोडा कलता केला की बुडबुडे निघतात आणि जितकी हवा गेली तितकंच पाणी आत येतं. तुमचा रेडिएटर म्हणजे तो उपडा तांब्या. बॉयलर बंद झाला की तो हवेने भरतो. पुढच्या फेरीला वाफ वर येते तेव्हा आतली हवा व्हेंटमधून जितकी आणि जितक्या वेगाने बाहेर जाईल, तितकीच वाफ आत येणार. रेडिएटरच्या टोकापर्यंत वाफ पोचली की व्हेंट गरम होऊन आपोआप मिटतो. म्हणून नॉबला हात न लावता व्हेंटकडे बघायचं.

घरातल्या घरात काय करता येतं ते सांगतो. पण एक अट. भाड्याच्या घरात रेडिएटर इमारतीच्या मालकीचा असतो, तेव्हा हे सुपरला सांगून, शक्य तर त्याच्याच हातून करून घ्या. त्याला करायचं नसेल तरी निदान परवानगी लिहून घ्या.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे संथ व्हेंट. व्हेंट वेगवेगळ्या वेगाचे मिळतात. गॉर्टन कंपनीच्या व्हेंटमध्ये ४ नंबर सर्वांत संथ, मग ५, ६, सी आणि डी असे चढत जातात. व्हेंट-राइट या कंपनीचा १ नंबर अॅडजस्टेबल असतो, त्यावरची चकती फिरवून वेग कमी करता येतो. तुमच्या बेडरूमला बहुधा कुणीतरी कधीतरी हाताला लागला तो व्हेंट लावलेला असणार. तिथे ४ नंबर लावला की त्याच वेळात रेडिएटर पूर्ण न भरता अर्धाच भरेल. पाच सेक्शन गरम, पाच कोमट. खर्च दहा-वीस डॉलर.

व्हेंट बदलताना रेडिएटर हाताला पूर्ण गार लागला पाहिजे आणि बॉयलर चालू होणार नाही याची सुपरकडून खात्री हवी. व्हेंटचे आटे १/८ इंची असतात, म्हणजे फारच नाजूक. जुना व्हेंट पान्याने एकदम ओढू नका. थोडं डावीकडे, थोडं परत उजवीकडे, असं हलवत सैल करा. तो मानेत मोडून आटे आत राहिले तर अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसावर जातं. नव्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे, पहिला आटा मोकळा ठेवून. हाताने बसवा, मग पान्याने थोडंच, आणि शेवटी व्हेंट सरळ उभा राहायला हवा. आडवा राहिला तर आतलं पाणी निथळणार नाही आणि तो थुंकत बसेल. रेडिएटर रंगवताना कुणी व्हेंटच्या भोकावरही ब्रश फिरवतं, तेवढं होऊ देऊ नका.

एखादी खोली पूर्णच बंद ठेवायची असेल तर? व्हॉल्व्ह पूर्ण बंद करणं हा कागदावरचा सरळ मार्ग. पण शंभर वर्षांच्या व्हॉल्व्हचं आतलं वॉशर बहुतेक वेळा झिजलेलं असतं. तो बंद दिसतो, तरी वाफ झिरपत राहते आणि पाणी अडकतं, की पुन्हा हातोडी. त्यापेक्षा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून व्हेंटच्या जागी १/८ इंची प्लग लावला की काम होतं. हवेला वाटच नाही, म्हणून वाफ शिरत नाही, आणि थोडीफार शिरली तरी तिचं पाणी उतरून जातं. या शहरातले जुने भाडेकरू व्हेंट नुसता उलटा फिरवून ठेवतात, बऱ्याच व्हेंटमध्ये आतला फ्लोट पडून भोक बुजतं. चालतं तेही, पण प्लग जास्त भरवशाचा. आणि बेडरूमचा रेडिएटर बंद केला तर खोली गारठेल ही भीती नको. त्या घरांत कोपऱ्यातून वर जाणारा उघडा रायझरच, म्हणजे वाफेचा उभा पाइपच, कितीदा एका खोलीला पुरून उरतो.

तिसरा उपाय थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, ज्याला इथे सगळे टीआरव्ही म्हणतात. वन-पाइपमध्ये तो नॉबच्या जागी लावायचा नसतो. रेडिएटर आणि व्हेंट यांच्या मधे बसतो, आणि वन-पाइपसाठीचाच, व्हॅक्यूम ब्रेकर (वाफेचं पाणी झाल्यावर हवा परत आत घेणारी झडप) असलेला घ्यावा लागतो. खोली हवी तितकी तापली की तो हवेची वाट बंद करतो. ऑनलाइन घेताना माणसं पाण्याच्या हीटिंगचा टीआरव्ही उचलतात आणि मग मला फोन करतात. आणखी एक गोष्ट आधी सांगितलेली बरी : एकदा आत शिरलेली वाफ टीआरव्ही बाहेर काढू शकत नाही. बॉयलर एकाच दमात दीड तास चालत असेल तर ज्या सेक्शनपर्यंत वाफ पोचली ते तेवढे गरमच राहणार. फरक दिसतो तो पुढच्या फेरीला. म्हणून बसवल्या दिवशी निराश होऊ नका, आठवडा द्या. त्याच्या डोक्यावर जाड पडदा किंवा रेडिएटरचं कव्हर आलं तर ते आतलंच तापमान मोजेल आणि फार लवकर बंद होईल. अशा ठिकाणी लांब वायरचा सेन्सर असलेला घ्या.

कव्हरबद्दलही लोक विचारतात. वर सपाट फळी आणि समोर बारीक जाळी असलेलं लाकडी किंवा पत्र्याचं कव्हर उष्णता खरंच थोडी कमी करतं, शिवाय घरात लहान मूल असेल तर हवंच. उष्णतारोधक कापडाची, आत पंखा आणि सेन्सर असलेली कव्हरंही आता मिळतात, खोलीला हवी तेव्हाच उष्णता बाहेर सोडणारी. ती चांगली आहेत, पण सहसा पूर्ण इमारतीने मिळून घ्यायची वस्तू. गोधडी किंवा प्लास्टिक मात्र टाकू नका. चंदेरी अॅल्युमिनियम रंगाने उष्णता थोडी घटते हेही खरं आहे आणि फक्त सर्वांत वरचा थर मोजायचा असतो. पण त्यासाठी रंगारी बोलवावा इतका तो फरक नाही.

रायझरला हात लावा, म्हणजे नुसता जवळ न्या. लावलात तर भाजेल. बाथरूममधला किंवा बेडरूमच्या कोपऱ्यातला उघडा पाइप असेल तर त्यावर फायबरग्लासचं एक इंच जाड कवच चढवलं की खोलीचा नूर बदलतो. काळ्या फोमचं कवच घेऊ नका, ते वाफेच्या पाइपासाठी नसतं. पाइपावर आधीच जुनं पांढरं, प्लास्टरसारखं आवरण असेल तर त्याला अजिबात छेडू नका. ते अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते काढणं परवानाधारकाचं काम.

आता मुळात इतकी उष्णता का, ते. रेडिएटर एवढे मोठे मुद्दाम केले आहेत. १९१८च्या फ्लूच्या साथीनंतर मोकळ्या हवेचा आग्रह वाढला आणि त्या काळात अनेक इमारतींचे बॉयलर, रेडिएटर हिवाळ्यातल्या सर्वांत थंड दिवशी खिडक्या उघड्या असतील असं धरून निवडले गेले. तुम्ही खिडकी उघडून झोपता तेव्हा घर जसं वापरायचं ठरवलं होतं तसंच वापरता. पुढे खिडक्या दुहेरी काचांच्या झाल्या, फटी बुजल्या, रेडिएटर मात्र तेच राहिले.

पण मोठा रेडिएटर एवढं एकच कारण असतं तर सगळी इमारत सारखीच तापली असती. तसं होत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक इमारतींत तुमच्यासारख्यांच्या घरातला उकाडा हा दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली थंडी भागवताना आलेला असतो.

न्यूयॉर्कच्या नियमाने १ ऑक्टोबर ते ३१ मे, सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ अंशांच्या खाली गेलं की घरात किमान ६८ अंश हवेत, आणि रात्री १० ते ६ बाहेर काहीही असो, किमान ६२. किमान आहे, कमाल मर्यादा कुठेच नाही. थंडी वाजली तर भाडेकरू ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, तक्रार करतो आणि मालकाला दंड बसू शकतो. उकडलं तर कुणाला काही होत नाही. त्यामुळे सुपर बॉयलर त्याच घरासाठी चालवतो, जे सर्वांत उशिरा तापतं. बाकीच्यांनी खिडक्या उघडायच्या.

वॉशिंग्टन हाइट्समधली एक इमारत आठवते. पाचव्या मजल्यावर एक गृहस्थ फेब्रुवारीत बनियनवर बसलेले, खिडकी सताड उघडी. त्याच इमारतीत तळमजल्यावर टोकाच्या घरात आजीबाई ओव्हनचं दार उघडून त्यासमोर खुर्ची टाकून बसलेल्या. सुपरने आजींसाठी बॉयलरचा वेळ वाढवला, तरी भागेना म्हणून प्रेशर वाढवलं होतं. प्रेशर वाढवलं की वाफ जोरात पळते असं सगळ्यांना वाटतं. ही सिस्टिम दोन पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब) आत चालायला बनली आहे. आपला कुकर पंधराच्या आसपास शिट्टी मारतो, म्हणजे हे प्रकरण किती हलकं आहे ते बघा. प्रेशर चढलं की पाणी परत यायला अडखळतं आणि व्हेंट लवकर खराब होतात, एवढंच.

तळघरात छतालगत वाफेचा मुख्य पाइप असतो. तो सगळी इमारत फिरून शेवटच्या टोकाला येतो आणि त्या टोकाला एक मोठा व्हेंट असायला हवा. तिथे तो होता, पण रंगाच्या चार थरांखाली कायमचा मिटलेला. त्या पूर्ण पाइपातली हवा वरच्या घरांतल्या इवल्याशा व्हेंटमधून बाहेर पडत होती. बॉयलर सुरू झाल्यापासून त्या टोकाला वाफ पोचायला चाळीस मिनिटं लागत, मी हातात घड्याळ घेऊन मोजली. चाळीस मिनिटांत बॉयलरजवळच्या लाइनवरचे गृहस्थ भाजून निघत, तेव्हा कुठे आजींचा रेडिएटर कोमट व्हायला लागे. आम्ही टोकाला दोन नवे मोठे व्हेंट बसवले, उघड्या पाइपावर कवच चढवलं, प्रेशर खाली आणलं. पुढच्या फेरीला वाफ आठ-नऊ मिनिटांत टोकाला. मग बॉयलरचा वेळ कमी करता आला. पाचव्या मजल्यावर आम्ही पानासुद्धा लावला नव्हता, तरी गृहस्थांनी आठवड्याने खिडकी मिटल्याचं सांगितलं.

ज्यांच्या रेडिएटरला दोन पाइप आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे वाफ एकीकडून येते, पाणी दुसरीकडून जातं. त्यामुळे येणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह कमी केला तर चालतं आणि टीआरव्ही तिथेच बसतो. जाणाऱ्या बाजूला स्टीम ट्रॅप असतो, पाण्याला सोडणारा आणि वाफेला अडवणारा. साखर कारखान्यात आम्ही ट्रॅपवर कान लावून बसायचो, इथे फरक फक्त आकाराचा. ट्रॅप उघडा अडकला की वाफ थेट परतीच्या पाइपात घुसते, तिथे ठोके सुरू होतात आणि दुसऱ्यांचे रेडिएटर भलतीकडून तापतात किंवा तापतच नाहीत. ट्रॅपचा आतला भाग काही वर्षांनी बदलायचाच असतो. एकेक करून बदलले तर पैसे वाया, सगळ्या इमारतीचे एका उन्हाळ्यात बदलून घ्यावेत.

मुलीच्या घोळण्याबद्दल. वाफ घरातली हवा कोरडी करत नाही, ती लोखंडाच्या आतच असते. जानेवारीतली बाहेरची हवा गार असल्याने तिच्यात पाणी फारच कमी असतं. ती खिडकीतून आत घेऊन ८४ अंशांपर्यंत तापवली की नाक कोरडं पडणारच. खिडकी जितकी उघडी, तितका कोरडेपणा जास्त. उष्णता आटोक्यात येऊन खिडकी मिटली की बराच फरक पडेल. तरीही घोळणा वारंवार फुटत राहिला तर डॉक्टरांना दाखवा, तो माझा प्रांत नव्हे. तोवर खिडकी उघडी राहणार असेल तर तिला लोखंडी गार्ड आहे ना ते बघा. घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असेल तर तो बसवून देणं इथे मालकाचं कायदेशीर काम आहे.

आणि गरम रेडिएटरचा व्हेंट किंवा नॉबखालचा नट कधीही सैल करू नका. व्हॉल्व्ह हलत असेल, किंवा व्हेंटमधून हवेऐवजी सतत वाफ येत असेल, तर त्या खोलीत मुलीला झोपवू नका आणि सुपरला त्याच दिवशी बोलवा. २०१६ साली ब्राँक्समध्ये रेडिएटरच्या वाफेने दोन लहानग्या बहिणी दगावल्या होत्या. तेव्हापासून मुलांच्या खोलीतला व्हॉल्व्ह मी स्वतः हलवून बघितल्याशिवाय जात नाही.

जमिनीवर पाणी आलं होतं, तर नॉब उघडल्यावर रेडिएटरवर पाणसळ ठेवून बघा. तो किंचित नॉबच्या बाजूला उतरता हवा. शंभर वर्षांत जमीन दबते, उतार उलटा होतो. व्हेंटच्या बाजूच्या पायांखाली क्वार्टरची, म्हणजे पंचवीस सेंटची, दोन-दोन नाणी सरकवली की पुष्कळदा ठोके तिथेच थांबतात. पन्नास सेंटला एक पाय, या शहरात याहून स्वस्त दुरुस्ती मी पाहिली नाही.

मालकाशी बोलायचं असेल तर आकडे घेऊन जा. खोलीच्या मध्यावर, रेडिएटरपासून लांब, छातीच्या उंचीला एक साधा थर्मामीटर टांगा आणि आठवडाभर सकाळी ७ला आणि रात्री १०ला आतलं, बाहेरचं तापमान लिहून ठेवा. इमारत २५,००० चौरस फुटांहून मोठी असेल तर २०१९चा स्थानिक कायदा ९७ मालकाच्या मानगुटीवर आहेच. त्यात २०२४पासून इमारतींच्या कार्बन उत्सर्जनाच्या मर्यादा लागू झाल्या. भाडेनियंत्रित घरं जास्त असलेल्या काही इमारतींना त्या मर्यादांऐवजी ठरावीक कामांची यादी दिली आहे. त्या यादीत पाइपांना कवच, ट्रॅपची दुरुस्ती आणि प्रत्येक रेडिएटरवर तापमानाचं नियंत्रण, हे सगळं येतं. तुमचा उकाडा मालकाला ऐकू येत नाही, तेलाचं किंवा गॅसचं बिल मात्र ऐकू येतं.

सुपरला भेटाल तेव्हा 'आम्हाला उकडतंय' एवढ्यावर थांबू नका. या बिल्डिंगमध्ये गार कोण राहतं, ते विचारा. तो लगेच घर नंबर सांगेल, त्याला पाठ असतो. मग त्याच्याबरोबर तळघरात उतरून त्या लाइनचं शेवटचं टोक शोधा, तिथे व्हेंट आहे का, रंगाने माखलाय का, ते बघा. टोकाचा एक फोटो आणि तुमच्या बेडरूममधल्या व्हेंटवर कोरलेला नंबर, एवढं इथे टाकलंत तर कुठला व्हेंट घ्यायचा ते सांगतो.